किल्ली आतच राहिली तर? सिस्टीम बंद पडण्याबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी एवढंच विचारलं होतं की उद्या सकाळी कामाची मुख्य सिस्टीम सुरूच झाली नाही तर पहिला फोन कोणाला लावणार, आणि तो नंबर नेमका कुठे लिहून ठेवलाय? बऱ्याच जणांनी कळवलं की नंबर शेअर्ड ड्राइव्हवरच्या एका फाईलमध्ये आहे, आणि तो ड्राइव्ह त्याच सर्व्हरवर आहे ज्याच्या बंद पडण्याबद्दल आपण बोलतोय.

मी स्वतः यातून गेलेय. रात्री दोनच्या सुमारास स्टोरेज बसलं, सपोर्टचा नंबर, कॉन्ट्रॅक्ट नंबर, सगळ्यांचे मोबाईल, सगळं त्याच स्टोरेजवर. शेवटी कॅबिनेटच्या मागे चिकटवलेलं एक जुनं स्टिकर मोबाईलच्या टॉर्चने वाचलं, अर्धं सोललेलं होतं, शेवटचा आकडा तीन की आठ तेच कळेना, दोन्ही लावून बघितले. चाळीस मिनिटं नुसत्या एका फोन नंबरपायी गेली. त्या रात्रीपासून कुठलीही सिस्टीम बघितली की मी आधी हेच विचारते, हे बंद पडल्यावर बाहेर पडायची किल्ली कुठे आहे, बाहेर की आत? तुमच्या प्रश्नांची उत्तरं देतानासुद्धा मी फिरून फिरून तिथेच येणार आहे.

प्रश्न: ताई, आमचं वीस-बावीस जणांचं ऑफिस आहे. बिलिंग, मेल, फाईल्स सगळं क्लाउडवर नेलंय, ऑफिसात सर्व्हरच नाही. मग आम्हाला वेगळी तयारी कशाला हवी?

सर्व्हर ऑफिसात नाही म्हणजे तो कुठेच नाही असं होत नाही ना, तो कुठल्यातरी इमारतीत आहेच आणि त्या इमारतीलाही आग लागू शकते. 10 मार्च 2021 ला फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएच या क्लाउड कंपनीच्या डेटा सेंटरला, म्हणजे सर्व्हर ठेवायच्या इमारतींना, आग लागली, एक अख्खी इमारत जळाली, शेजारच्या इमारतीचाही काही भाग गेला. ज्यांनी बॅकअपचे पैसे भरले होते अशा काही ग्राहकांना तेव्हा कळलं की त्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता. दक्षिण कोरियात सप्टेंबर 2025 मध्ये देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली, तिथे सरकारी कर्मचाऱ्यांच्या फाईल्स ठेवायचा जो ड्राइव्ह होता त्याचा 858 टेराबाइट डेटा गेला, कारण त्याची दुसरीकडे कॉपीच नव्हती. एवढ्या मोठ्या यंत्रणांचं हे झालं, मग बावीस जणांच्या ऑफिसने "क्लाउडवाला बघेल" म्हणून निवांत बसणं मला पटत नाही.

आणि आग वगैरे सोडा, छोट्या ऑफिसात त्याहून नेहमी होणारी गोष्ट म्हणजे लॉगिन हातचं जाणं. 2014 मध्ये कोड स्पेसेस नावाची एक कंपनी होती, लोकांचा सोर्स कोड, म्हणजे सॉफ्टवेअर ज्यातून बनतं तो मूळ मजकूर, सांभाळायची. हल्लेखोराच्या हाती त्यांच्या क्लाउड अकाउंटचं कंट्रोल पॅनल लागलं, त्याने डेटाही उडवला आणि बॅकअपही, कारण दोन्ही एकाच लॉगिनखाली. बारा तासांच्या आत कंपनी संपली, परत उभी राहिलीच नाही.

म्हणून तुम्ही या आठवड्यात बसून एक यादी करा, कुठली सेवा बंद पडली तर त्याच दिवशी काम अडतं आणि कुठली चार दिवस नसली तरी चालतं. पहिल्या प्रकारात तीन-चारच निघतील. त्या तीन-चारांचा डेटा महिन्यातून एकदा तरी एक्स्पोर्ट करून वेगळ्या कंपनीकडे किंवा हार्ड डिस्कवर ठेवायचा, आणि ती डिस्क कॉपी झाल्यावर काढून ठेवायची, लावून ठेवलेली डिस्क व्हायरससाठी आतलीच असते. ॲडमिन लॉगिन दोघांकडे हवं. ओटीपी एकाच माणसाच्या मोबाईलवर येत असेल आणि तो माणूस विमानात असेल तर तुमचं ऑफिस त्याच्यासोबत विमानात आहे असं समजा. रिकव्हरी कोड, म्हणजे ओटीपी मिळत नसेल तेव्हा आत जायचे राखीव कोड, प्रिंट करून पाकिटात, पाकीट कपाटात. आणि डोमेनचं, म्हणजे तुमच्या वेबसाइटच्या नावाचं, रिन्यूअल कोणाच्या मेलवर येतं तेही बघून ठेवा, नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या मेलवर रिमाइंडर येत राहतात आणि एक दिवस वेबसाइट आणि मेल दोन्ही बंद, असं मी एकापेक्षा जास्त ठिकाणी बघितलंय.

प्रश्न: आमच्याकडे रोज रात्री ऑटोमॅटिक बॅकअप होतो, सकाळी "सक्सेसफुल" असा मेलही येतो. एवढं पुरेसं आहे का?

शेवटचा रिस्टोअर, म्हणजे बॅकअपमधून डेटा परत आणणं, कधी करून बघितलात? तुमच्या पत्रात तो शब्दच नाहीये म्हणून विचारतेय.

गिटलॅब ही लोकांचा सोर्स कोड ऑनलाइन सांभाळणारी कंपनी, तिची गोष्ट मी प्रत्येक नव्या मुलाला सांगते, तुम्हालाही सांगते, कारण त्यांनी ती स्वतः बारीकसारीक तपशिलासकट जाहीर केली आणि असं करायला मोठं मन लागतं. 31 जानेवारी 2017 ची रात्र, डेटाबेसवर लोड आलेला, दुसऱ्या सर्व्हरवरची कॉपी मागे पडत चाललेली, दमलेला इंजिनिअर ती कॉपी नव्याने करायची म्हणून दुय्यम सर्व्हरवरचं डेटाचं फोल्डर उडवायला गेला आणि कमांड मारली मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदात लक्षात आलं, थांबवलं, पण तोवर सुमारे 300 जीबीतले साडेचार जीबीच उरले होते.

इथपर्यंत कोणाच्याही हातून होईल अशी चूक आहे, खरी गोष्ट याच्यापुढे सुरू होते. त्यांनी बॅकअप शोधायला घेतला. क्लाउडवर जिथे रोजचा बॅकअप जायचा ती जागा रिकामी. का, तर बॅकअप घेणारं टूल डेटाबेसच्या व्हर्जनशी जुळत नव्हतं, म्हणून ते रोज फेल होत होतं. मग फेल झाल्याचे मेल? ते निघत होते, पण समोरचा मेल सर्व्हर ते नाकारत होता, त्यामुळे कोणापर्यंत पोचतच नव्हते. बाकीचे मार्गही एकेक करत असेच निघाले, कुठे सेटिंगच नाही, कुठे कॉपी जुनी. वाचवलं कोणी, तर त्याच इंजिनिअरने सहा तास आधी वेगळ्याच कामासाठी हाताने घेतलेल्या एका स्नॅपशॉटने, म्हणजे त्या क्षणीच्या डेटाच्या कॉपीने. तोही मंद डिस्कवर होता, कॉपी व्हायला तासन् तास लागले, सगळं परत चालू व्हायला दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ झाली आणि मधल्या सुमारे सहा तासांत लोकांनी केलेलं काम, हजारो प्रोजेक्टच्या नोंदी आणि कॉमेंट, परत आलंच नाही. साठवलेला कोड तेवढा वेगळीकडे होता म्हणून सुखरूप राहिला.

तुमचा सकाळचा मेल फक्त एवढंच सांगतो की बॅकअपचा प्रोग्रॅम शेवटपर्यंत पळाला. आत काय आहे ते तो सांगत नाही. मी एकदा तीन तास रिस्टोअर लावून बसले होते, टक्केवारी पुढे सरकतेय, सगळे मागे उभे, शंभर टक्के झाले, फोल्डर उघडला, फाईल्सची नावं सगळी बरोबर आणि प्रत्येकीपुढे साइज शून्य केबी. कित्येक महिने नावांचाच बॅकअप होत होता! तेव्हा खोलीत कोणी काही बोललं नाही, ती शांतता मला अजून आठवते.

तर महिन्यातून एकदा, वेगळ्या मशिनवर, खरा रिस्टोअर. एखादी फाईल नाही, अख्खी सिस्टीम, आणि ती तुम्ही नाही तर रोज वापरणाऱ्या माणसाने उघडून बघायची, कालच्या नोंदी आहेत का, हिशेब जुळतोय का. घड्याळ लावून वेळही मोजा, कारण "बॅकअप आहे" आणि "बॅकअप परत यायला अकरा तास लागतात" या दोन गोष्टी ऐकून मालकाचा चेहरा वेगवेगळा होतो आणि ते त्याला आधी कळलेलं बरं. किती तासांचं काम गेलं तरी पेलेल आणि किती तास बंद राहिलं तरी पेलेल हे दोन आकडे धंदा चालवणाऱ्याने ठरवायचे असतात, आयटीवाल्याने नाही. त्यावरून बॅकअप रोज हवा की दर तासाला, ते ठरतं. आणि तो जुना तीन-दोन-एकचा नियम अजूनही पाळावा असाच आहे, तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. मी त्यात एवढंच घालीन की एक कॉपी अशी हवी जी नेटवर्कवरून कोणालाही पुसता येणार नाही.

ही शेवटची अट का, तर मर्स्क. जून 2017 मध्ये नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने या जहाज कंपनीचं जगभरचं नेटवर्क पुसलं. कोणाला कुठे लॉगिन करता येईल हे ठरवणारे त्यांचे सर्व्हर दीडशेच्या आसपास होते आणि सगळे एकमेकांचे बॅकअप होते, एक गेला तर दुसरा आहे. सगळे एकदम जातील हे कोणाच्या हिशेबात नव्हतं आणि नेमकं तेच झालं. फक्त घानामधला एक वाचला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती आणि तो नेटवर्कवर नव्हता! त्यातला डेटा इंटरनेटवरून पाठवायला फार दिवस लागले असते म्हणून माणसांनी हातोहात डिस्क इंग्लंडला नेली आणि तिच्या जोरावर दहा दिवसांत 4,000 सर्व्हर आणि 45,000 कॉम्प्युटर नव्याने उभे केले. तरी तोटा 25 ते 30 कोटी डॉलर.

प्रश्न: मी एका कंपनीत एकटाच आयटी बघतो. काही बंद पडलं की वीस जण माझ्याभोवती, साहेब दर पाच मिनिटांनी "झालं का" विचारतात, फोन वाजतच असतो. अशात डोकं चालत नाही. काय करू?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं कारण मी तुमच्या जागी उभी होते. यात तुमची चूक नाहीये. डोकं चालत नाही कारण तीन माणसांचं काम तुम्ही एकटे करताय, दुरुस्त करणं, सगळ्यांना सांगणं आणि काय करायचं ते ठरवणं.

ही तीन कामं तीन माणसांना द्या, आणि बाकीच्या दोघांना आयटी यायची अजिबात गरज नाही. एक जण निर्णय घेणारा, त्याने कीबोर्डला हात लावायचा नाही. दुसरा बोलणारा, आतले-बाहेरचे सगळे फोन त्याच्याकडे, दर अर्ध्या तासाने तो तुमच्याकडे येऊन दोन मिनिटं विचारेल आणि मग सगळ्यांना कळवेल, अगदी "अजून काही नवीन नाही" एवढंच असलं तरी कळवेल. तिसरे तुम्ही. जमलं तर चौथा माणूस लिहायला बसवा, वाजले किती, केलं काय, झालं काय, नुसतं वहीत. दोन तासांनी आपणच काय काय बदललंय ते आपल्याला आठवत नाही, तेव्हा ती वही लाखमोलाची ठरते. हे साहेबांना शांत दिवशी सांगा, आणि लिहून त्यांची सही घ्या. गोंधळाच्या दिवशी सांगितलंत तर ते उर्मटपणा वाटेल.

निर्णय घेणारा वेगळा का हवा याचं मला माहीत असलेलं सगळ्यात दुखरं उदाहरण म्हणजे नाइट कॅपिटल, अमेरिकेतली शेअर्सची उलाढाल करणारी कंपनी. 1 ऑगस्ट 2012, नवं सॉफ्टवेअर आठ सर्व्हरवर टाकायचं होतं, सातांवर टाकलं गेलं, आठव्यावर राहिलं. त्या आठव्यावर वर्षानुवर्षं न वापरलेला जुना कोड जागा झाला आणि बाजार उघडल्याबरोबर भसाभस ऑर्डर सोडायला लागला. बाजार उघडायच्या आधीच सिस्टीमने एररचे 97 मेल पाठवले होते, पण ते मेल म्हणजे धोक्याची घंटा असं कोणाला सांगितलेलंच नव्हतं. पुढची 45 मिनिटं इंजिनिअर कारण शोधत राहिले, चालू सिस्टीममध्ये, आणि कारण सापडेना म्हणून त्यांनी बरोबर असलेल्या सात सर्व्हरवरूनही नवा कोड काढून टाकला. झालं, आता आठही सर्व्हर तेच करायला लागले. 46 कोटी डॉलरच्या वर तोटा झाला आणि काही महिन्यांत कंपनी दुसऱ्या कंपनीत गेली.

ती माणसं हुशार होती. पण "कारण मिळो न मिळो, आधी बंद करा" असं म्हणायचा अधिकार कोणाचा, हे कागदावर नव्हतं. तुमच्याकडे तो अधिकार नावानिशी लिहा, आणि तो माणूस रजेवर असेल तर कोण, तेही. आणि हो, एकट्या माणसावर सगळा डोलारा असणं हाच मुळात धोका आहे, पासवर्ड आणि सिस्टीमची माहिती निदान अजून एकाला द्यायला लागा. आपली किंमत कमी होईल ही भीती मला माहितीये, पण आजारपणातसुद्धा फोन उशाशी घेऊन झोपायचं ही काही किंमत नाही.

प्रश्न: 2024 मध्ये एका अपडेटने जगभरचे कॉम्प्युटर बंद पडले होते. तेव्हापासून आम्ही सगळे ऑटो अपडेट बंदच करून टाकलेत. बरोबर केलं ना?

नाही हो, चालू करा, आजच.

भीती समजते मला. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक सदोष फाईल गेली, 78 मिनिटांत त्यांनी ती मागे घेतली, पण तेवढ्यात विंडोजची सुमारे 85 लाख मशिन निळी पडली, म्हणजे निळ्या एरर स्क्रीनवर अडकून बंद पडली. पण त्याआधीचं 2017 आठवा. मायक्रोसॉफ्टने मार्चमध्ये भोक बुजवणारा पॅच दिला होता आणि मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस आला तो नेमका त्याच भोकातून, ज्यांनी पॅच लावला नव्हता त्यांच्यावर. अपडेट थांबवून तुम्ही त्या दुसऱ्या रांगेत जाऊन उभे राहिलात.

करायचं काय, तर टप्प्याने. आधी चार-पाच कमी महत्त्वाच्या मशिनवर अपडेट जाऊ द्या, एक-दोन दिवस बघा, मग बाकीच्यांवर. सगळ्यात महत्त्वाची मशिन सगळ्यात शेवटी. मात्र हे सगळ्याच बाबतीत हातात नसतं, क्राउडस्ट्राइकची ती फाईल ग्राहकाने टप्पे ठरवले असले तरी थेट गेली होती, म्हणून "अपडेटमुळे सगळं एकदम बंद" हा प्रसंग तुमच्या तयारीत असायलाच हवा.

आणि त्या दिवशी लोकांचा जीव खरा कुठे अडकला ते बघा. उपाय सोपा होता, मशिन सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी गरजेपुरत्या गोष्टींवर, चालू करून एक फाईल उडवायची. पण मशिन चालूच होत नव्हतं म्हणून हे लांबून करता येईना, प्रत्येक कॉम्प्युटरसमोर माणूस जायला हवा. डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे कुलूपबंद, असेल तर आधी अठ्ठेचाळीस आकडी रिकव्हरी की टाइप करायची. आणि काही ठिकाणी त्या सगळ्या की ज्या सर्व्हरवर ठेवल्या होत्या तोही निळाच पडलेला. परत तेच, किल्ली आत! तुमच्या मशिनच्या रिकव्हरी की आज कुठे आहेत ते जाऊन बघा, आणि त्यांची एक कॉपी बंद पडणार नाही अशा जागी ठेवा.

प्रश्न: आमचं तपासणी केंद्र आहे, पेशंटची नोंदणी ते रिपोर्ट सगळं कॉम्प्युटरवर. मागच्या महिन्यात सहा तास सिस्टीम बंद होती आणि आम्ही कोऱ्या कागदांवर लिहीत बसलो, नंतर दोन दिवस ते निस्तरत होतो, तरी काही नोंदी सापडल्याच नाहीत. कागदावर काम करायची काही पद्धत असते का?

असते, आणि तुम्ही विचारलंत याचं मला बरं वाटलं, कारण तयारी म्हटलं की लोक सगळं लक्ष सिस्टीम लवकर कशी सुरू होईल यावर देतात, आणि ती बंद असताना समोर बसलेल्या माणसाचं काय याचा विचार राहूनच जातो.

कोऱ्या कागदाने घात केला तुमचा. छापील फॉर्म हवा, आणि त्यावर आधीच छापलेला क्रमांक हवा, ही एक गोष्ट केलीत तरी अर्धा त्रास जाईल. समजा 001 ते 200 फॉर्म छापून पेटीत ठेवले, संध्याकाळी 001 ते 063 वापरले गेले आणि टेबलावर 62 च आहेत, तर लगेच कळतं की एक हरवलाय आणि कितवा तेही कळतं. कोऱ्या कागदात हे कधीच कळत नाही, तुमच्या त्या नोंदी तिथेच गेल्या. फॉर्मवरचे रकाने स्क्रीनवर ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने ठेवा, म्हणजे नंतर भरणाऱ्याचे डोळे वरखाली होत नाहीत. वेळेचा रकाना ठेवा, लिहिणाऱ्याची आद्याक्षरं ठेवा, आणि कोपऱ्यात एक छोटी चौकट, "सिस्टीममध्ये भरलं", भरणाऱ्याने तिथे खूण करायची. नमुन्याच्या नळीवरसुद्धा तोच क्रमांक चिकटला पाहिजे, त्यासाठी त्याच क्रमांकाचे स्टिकर फॉर्मला जोडूनच छापून घ्या, हाताने लिहिलेल्या नावावर कोणाचं रक्त कोणाचं हे ठरवायची वेळ येता कामा नये, इथे चूक झाली तर माणसाच्या उपचारावर जाते.

सिस्टीम परत आली की सगळे हुश्श करतात आणि लगेच नव्या पेशंटची नोंदणी थेट सुरू करतात, तिथे थांबा. आधी एक जण नेमा जो फक्त कागदावरचं भरेल आणि दुसरा जो ताडून बघेल. चालू काम त्याच्या समांतर चालू दे पण दोन्ही एकाच माणसाकडे नको, कंटाळून तो कागद "नंतर बघू" म्हणून बाजूला ठेवतो.

नॉर्वेची नॉर्स्क हायड्रो, ॲल्युमिनियम बनवणारी, सुमारे 35,000 माणसं, मार्च 2019 मध्ये रॅन्समवेअरने, म्हणजे खंडणीसाठी फाईल्स अडवणाऱ्या व्हायरसने, त्यांचे कॉम्प्युटर लॉक केले. त्यांनी खंडणी दिली नाही. जिथे जमेल तिथे कारखाने हाताने चालवले, कागदावरच्या ऑर्डर घेऊन. जुनी पद्धत माहीत असलेले काही निवृत्त कामगारही मदतीला आले. हे वाचल्यावर माझ्या मनात आलं की आपल्याकडे कॉम्प्युटर यायच्या आधीचं काम माहीत असलेली माणसं किती उरलीत? तुमच्याकडे असा एखादा जुना माणूस असेल तर फॉर्म बनवताना त्याला सोबत घ्या.

एक राहिलं, कागदावर केव्हा जायचं ते आधी ठरवा. "आत्ता सुरू होईल" म्हणत लोक तासभर रांग थांबवून ठेवतात. पंधरा मिनिटं ठरवा, सोळाव्या मिनिटाला पेटी उघडायची, कोणाला विचारायचं नाही.

प्रश्न: ग्राहकांना खरं सांगावं की "तांत्रिक कारणास्तव" म्हणून वेळ मारून न्यावी?

खरं, आणि लवकर. काय चालत नाहीये, काय चालतंय, तोवर त्यांनी काय करावं आणि पुढची माहिती किती वाजता देणार, ही चार वाक्यं पुरतात. केव्हा सुरू होईल ते माहीत नसेल तर अंदाज ठोकू नका, एकदा वेळ चुकली की पुढचं कोणी ऐकत नाही. मजकूर आजच लिहून ठेवा आणि तो पाठवायचा मार्ग बंद पडणाऱ्या सिस्टीमच्या बाहेरचा हवा. फेब्रुवारी 2017 मध्ये ॲमेझॉनच्या क्लाउडची साठवणुकीची सेवा साधारण चार तास बंद होती, तेव्हा त्यांना स्वतःचा स्टेटस दाखवणारा बोर्डच जवळपास दोन तास बदलता येईना, कारण तो बोर्ड त्याच सेवेवर अवलंबून होता. कॅनडात जुलै 2022 मध्ये रॉजर्सचं मोबाईल आणि इंटरनेट नेटवर्क पडलं आणि ते दुरुस्त करणारे इंजिनिअर त्याच नेटवर्कचे फोन वापरत होते, एकमेकांशी बोलणार कसे? तुमच्या दोन-तीन मुख्य माणसांकडे वेगळ्या कंपनीचं सिम ठेवा, खर्च अगदीच थोडा आहे.

प्रश्न: सराव करायचा म्हणजे सगळं बंद करायचं का? आमचे साहेब कधीच परवानगी देणार नाहीत.

पहिल्यांदा काहीच बंद करू नका. तासभर एका टेबलाभोवती बसा, एकाने प्रसंग सांगायचा, "सोमवार, सकाळी साडेनऊ, बिलिंग उघडत नाही", आणि प्रत्येकाने सांगायचं मी आत्ता काय करेन. दर दहा मिनिटांनी प्रसंग थोडा बिघडवा, मेलही बंद, सप्लायरचा फोन लागत नाही, बॅकअप तीन दिवस जुना निघाला. एकच अट, लॅपटॉप आणि शेअर्ड ड्राइव्ह वापरायचा नाही. पहिल्या वीस मिनिटांतच कोणीतरी म्हणेल "ते माझ्या मेलमध्ये आहे", ते लिहून घ्या. साहेबांना या बैठकीला बसवा, परवानगी मग तेच देतात.

प्रश्न: नाव छापू नका. दोन दिवसांपूर्वी माझ्या हातून चुकीच्या सर्व्हरवर कमांड गेली आणि चार तास काम बंद होतं. आता सुरू झालंय, सगळ्यांना वाटतंय हार्डवेअरचा प्रॉब्लेम होता. मला झोप येत नाहीये. सांगू का?

सांगा. मला माहितीये हे लिहिणं सोपं आहे आणि साहेबांच्या दारात उभं राहणं अवघड.

पण बघा, सगळ्यांना हार्डवेअर वाटतंय म्हणजे आता ते हार्डवेअर बदलणार, पैसे घालणार, आणि ज्या फटीतून तुमची कमांड गेली ती फट तशीच राहणार. पुढच्या वेळी तिथे दुसरं कोणीतरी असेल, रात्रीचं, दमलेलं. वर गिटलॅबचं सांगितलं ना, त्यांनी त्या रात्रीची दुरुस्ती यूट्यूबवर थेट दाखवली, नंतर मिनिटामिनिटाचा अहवाल छापला, आणि त्यात बोट माणसाकडे नव्हतं, दोन सर्व्हर एकमेकांसारखे दिसतात, बॅकअप कोणी तपासत नाही, याकडे होतं.

जाण्याआधी एक काम करा, आजच, आठवतंय तोवर. किती वाजता कोणती विंडो उघडी होती, काय टाइप केलं, दोन सर्व्हरची नावं किती सारखी आहेत, तुम्ही किती तास जागे होता, सगळं एका पानावर लिहा. खाली दोन ओळी, हे परत होऊ नये म्हणून काय बदलता येईल, मुख्य सर्व्हरच्या स्क्रीनचा रंग वेगळा करणं, उडवायच्या कमांडआधी दुसऱ्याने बघणं, असं काहीही. ते पान हातात घेऊन जा आणि पहिलं वाक्य "माझ्याकडून झालं" एवढंच म्हणा, बाकीचं पानावर आहे. ओरडा बसेल कदाचित. मला कळवा काय झालं ते, नाव न घालता लिहिलंत तरी चालेल, मी वाट बघतेय.